दुसरी वाट

८ मे १९८८ रोजी अमेरिकेत शिकागोजवळील हिन्सडेल येथे दूरध्वनी-केंद्रास आग लागली. सुमारे ३५,००० ग्राहकांचे दूरध्वनी मुके झाले; व्यापार खोळंबला. एवढा भार एकाच केंद्रावर असणे, हेच त्या अनर्थाचे मूळ होय, असे आम्हांस वाटते.

आज अनेक शाखा असलेल्या पेढ्यांचे दूरध्वनी बहुधा एकाच मुख्य यंत्रावर अवलंबून असतात. मधले जाळे तुटलेच, तर शाखेत ठेवलेले लहान यंत्र कारभार हाती घेते व स्थानिक तारेवरून किंवा मोबाइलवरून संभाषण चालू ठेवते. मात्र दोन्ही तारा एकाच चरातून नेल्यास एकच कुदळ दोहोंचा घात करते. शिवाय वीज गेल्यास बॅटरीही हवी. म्हणून सुरळीत दिवशीच मुद्दाम जोडणी तोडून आपण ही दुसरी वाट पारखून ठेवावी.