तिवईची पाचर

शिवजयंतीच्या उत्सवात कराडच्या एखाद्या पटांगणावर इतिहासातील प्रसंग उभा करावयाचा झाला, की सुताराची आठवण होते. शिवकाळी माणसे बहुधा जमिनीवर, पाटावर वा गादीवर बसत. मावळ्यांच्या बैठकीत उंच पाठीच्या खुर्च्या मांडल्या, तर तेवढ्यानेच सारा प्रसंग खोटा वाटू लागतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना ही जाण होती. कारागिराच्या घरी जन्मलेल्या या कलावंताने चित्रपटात रंगविलेल्या पडद्यांऐवजी घडीव देखावे उभारले. त्यांचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ सालचा.

उंच आसन हवेच असेल, तर खडबडीत जमिनीवर चौरंगापेक्षा तिवई बरी. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. लाकूड बाभळीचे, चिवट घ्यावे. जाड फळीला आरपार भोके पाडून त्यांत पायांची तासलेली टोके बसवावीत, आणि प्रत्येक टोक चिरून त्यात पाचर ठोकावी. खरे कसब येथेच आहे! पाचर फळीच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेने ठोकली, तर फळी दुभंगते आणि ऐन भाषणात किल्लेदार भुईवर येतो. लोहाराने घडविलेला खिळा एखादे वेळी चालेल. स्क्रू मात्र नको.