हवेवर झुलणाऱ्या बसबद्दल अनुभवाचे बोल

चंद्रपूरहून नागपूर-पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या रात्री सुटतात आणि दुरुस्तीला दिवसा येतात. त्या गाड्यांखाली माझं कामाचं आयुष्य गेलं. आधी सगळ्या पाट्याच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर झुलणाऱ्या गाड्या होत्या. मग हवेच्या आल्या, आणि नंतर हवेवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या. या शेवटच्या प्रकाराची आमच्याकडे अजून भीती आहे. "कंप्युटरची गाडी आहे जी, नागपूरलेच न्या," असं म्हणून चांगले चांगले मिस्त्री हात झटकतात. ती भीती जावी, म्हणून हे लिहितो आहे.

१. ही चैन नाही, हे आधी मनात पक्कं करा.

पाट्याची गाडी भरलेल्या वजनाच्या हिशोबाने बांधलेली असते. गाडी रिकामी असली की तोच पाटा जास्त कडक वागतो. गडचिरोलीत आलापल्लीहून भामरागडकडे अर्ध्या भरलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. हवेच्या गाडीत पाट्याच्या जागी रबराचे फुगे असतात, पुढे दोन आणि मागच्या एक्सलवर बहुधा चार. माणसं चढली की फुग्यात हवा भरायची, उतरली की सोडायची आणि गाडीची उंची तीच ठेवायची, एवढं हे काम आहे. वजनासोबत दाब वाढतो आणि दाबासोबत फुग्याचा कडकपणाही वाढतो. म्हणून गाडी रिकामी असो की भरलेली, तिचं झुलणं जवळपास सारखंच राहतं, सेकंदाला एक-सव्वा वेळा. बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांचा. पाटा कडक झाला की ते हादरे सीटपर्यंत जास्त पोहोचतात.

आमच्या भागातून बसने जाणाऱ्यांत सहलीला निघालेले थोडे असतात. कोणी गरोदर बाईला घेऊन चंद्रपूरला निघालेला असतो, कोणी ऑपरेशन झालेल्या बापाला सेवाग्रामहून किंवा नागपूरहून परत आणत असतो. रस्ता जितका वाईट, तितकी हवेच्या गाडीची गरज जास्त. पण चांगल्या गाड्या आधी चांगल्या रस्त्यांना मिळतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२. उंची कोण मोजतं, ते हाताने तपासून बघा.

जुन्या हवेच्या गाडीत दांडीचा व्हॉल्व्ह असतो. एक्सल वर गेला की दांडी हलते आणि हवा आत जाते, खाली आला की हवा बाहेर जाते. खड्ड्याखड्ड्याला हे चालू राहतं आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक गाडीत ती दांडी हवेला हातच लावत नाही. ती सेन्सरला फक्त कोन सांगते. सेन्सर ईसीयूला, म्हणजे या यंत्रणेच्या कंप्युटरला कळवतो, ईसीयू ठरवतो आणि विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचा ब्लॉक उघडतो किंवा बंद होतो. सेन्सर बहुधा तीनच असतात, एका एक्सलवर एक आणि दुसऱ्यावर दोन. चुलीचे तीन दगड कसेही मांडले तरी भांडं डुगडुगत नाही, तसंच हे आहे. चौथा बिंदू आला की एक कोपरा दुसऱ्याशी भांडतो.

३. ईसीयू गप्प आहे म्हणजे तो बिघडला, असं समजू नका.

मला या यंत्रणेतली सर्वांत आवडती गोष्ट ही आहे. गाडी उभी असताना माणसं चढली-उतरली की ईसीयू सेकंदाभरात उंची सुधारू लागतो. गाडी धावू लागली की मात्र तो प्रत्येक हेलकाव्यामागे धावत नाही. मोजमापाची सरासरी काढतो आणि फरक सुमारे मिनिटभर टिकला तरच हवा देतो किंवा सोडतो. ब्रेक लावल्यावर गाडीचं नाक खाली जातं, तेव्हाही तो हवेला हात लावत नाही, कारण ते वाकणं क्षणाचं असतं. अहेरी-सिरोंचा रस्त्यावर खड्ड्यांची रांग लागली की चालकाला वाटतं, व्हॉल्व्हचा आवाज नाही म्हणजे यंत्र बंद पडलं. तो आवाज येत नाही, यातच हवेची आणि कॉम्प्रेसरची बचत आहे.

४. पहिली हवा ब्रेकची.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बसलेली दिसते. इंजिन सुरू केल्यावर हवा आधी ब्रेकच्या टाक्यांत जाते, कारण संरक्षक व्हॉल्व्ह तीच वाट आधी उघडतो. फुग्यांची पाळी नंतर येते. त्या काही मिनिटांचा धीर न धरता गाडी काढली तर ती फुग्यातल्या रबरी ठोकळ्यांवर आदळत जाते. मालकांनी सुटण्याच्या वेळेत ही मिनिटं धरावीत. चालकावर सोडू नये.

५. बिघाड आधी हवेत शोधा, मग धुळीत, मग पाण्यात. विजेत शेवटी.

घुग्घुसकडे कोळशाची धूळ, सिमेंट कारखान्यांच्या बाजूला पांढरी धूळ, सुरजागडच्या खाणीचे ट्रक चालतात त्या रस्त्यावर लाल धूळ. ही धूळ फुगा आणि त्याखालचा पिस्टन यांच्या मध्ये बसते आणि गाडी झुलली की रबर घासून काढते. साध्या पाण्याने, हलक्या साबणाने ती जागा धुतली की फुगा कितीतरी जास्त टिकतो. गाडीखाली डिझेलचा फवारा मारायची आमच्याकडची जुनी सवय मात्र हवेच्या गाडीला मारक आहे. डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. रबर आणि हवेच्या नळ्या तापतात, आणि जुन्या सांध्यांतून बारीक गळती सुरू होते. ती साबणाच्या फेसाने सापडते, त्याला मशीन लागत नाही. पावसाळ्यात पाण्याचा त्रास वेगळा. हवा सुकवणाऱ्या ड्रायरची पुडी वेळेवर बदलली नाही तर कॉम्प्रेसरने ओढलेली ओल थेट सोलेनॉइड ब्लॉकमध्ये जाते आणि आतली झडप गंजून अडकते. टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाणी आलं, तर ब्लॉक बदलण्याआधी ड्रायर बदला. नाहीतर नवा ब्लॉकही त्याच वाटेने जाईल.

एकदा एक गाडी डाव्या अंगावर झुकलेली आली. दुसरीकडे मालकाला ईसीयू बदलायला सांगितलं होतं. खाली वाकून बघितलं तर सेन्सरच्या दांडीचा गोळा खोबणीतून निघालेला होता. दांडी एका जागी लटकत होती आणि ईसीयू बिचारा तेच खरं धरून एका बाजूची हवा सोडत होता. त्याचा हिशोब बरोबर होता, त्याला मिळालेली बातमी खोटी होती. गाडी झुकली की दांडी, तिचं बुश आणि कनेक्टरमधला चिखल आधी बघा. एक्सलला जागेवर धरणाऱ्या रॉडची बुशं ढिली झाली, तरी गाडी तिरपी चालते. फुगा वजन पेलतो, एक्सल सांभाळत नाही. ते रॉडचं काम आहे.

६. सेन्सरची दांडी तारेने बांधू नका.

हा जुगाड सगळीकडे चालतो. ईसीयूला कायम एकच उंची दिसते, इशाऱ्याचा दिवा विझतो आणि गाडी पुढे जाते. पण आता वजन कितीही बदललं तरी हवा तेवढीच राहते. भरलेली गाडी ठोकळ्यावर बसते, रिकामी उंच राहते आणि वळणावर वाईट वागते. ज्या गाडीत फुग्याच्या दाबावरून वजन ओळखून ब्रेकचा जोर ठरतो, तिथे तर हा प्रकार प्रवाशांच्या जिवावर येतो. मी तो करत नाही आणि माझ्या पोरांनाही करू देत नाही.

७. नीलिंगचं बटण कामाचं आहे, ते वापरा.

थांब्यावर गाडी दाराच्या बाजूला किंवा पुढे काही सेंटिमीटर खाली वाकते, यालाच नीलिंग म्हणतात. शहरांत आलेल्या लो फ्लोअर बसची फरशी जमिनीपासून सुमारे ४०० मिलिमीटरवर असते, ती आणखी खाली येते. वरोऱ्याला आनंदवन आहे. हातापायाने अधू झालेली माणसं तिथे सन्मानाने काम करतात, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. त्यांतल्या एखाद्याला बसची पहिली पायरी किती उंच वाटत असेल? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे आणि वाहतुकीतली सोय हा त्यातला हक्क आहे. एसटीची पहिली शिवाई ई-बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे आमच्या आगारांतही नव्या बांधणीच्या गाड्या येतील. ज्या गाडीत हे बटण असेल, तिथल्या चालकाला ते पहिल्या दिवशी शिकवावं. म्हाताऱ्या बाईसाठी ते दाबणं हा उपकार नाही, ती नोकरीच आहे.

८. गाडी उंच करण्याचं बटण पुरासाठी नाही.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आम्ही पावसाळ्यात बघत आलो आहोत. बटणाने मिळणारी काही सेंटिमीटर उंची उंचवट्यावरून पोट घासू नये म्हणून असते. ठरलेला वेग ओलांडला की गाडी आपोआप पुन्हा खाली येते. वाहत्या पाण्यात चाकांची पकड सुटते ती पाण्याच्या जोराने, तिथे उंचीचा उपयोग नाही. पाणी पुलावर असेल तर गाडी थांबवा.

९. लोखंडी घोड्या लावल्याशिवाय हवेच्या गाडीखाली जाऊ नका.

नळी निसटली तर काही टन वजन एका श्वासात खाली येतं. जॅकवर भरवसा नको, हवेवर तर नकोच. घोड्या चेसिसखाली लावा, चाकांना अडण द्या, मगच आत शिरा. चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडा आणि ईसीयूचा कनेक्टर काढा. सेन्सर किंवा ईसीयू बदलला असेल तर गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरची हवा बरोबर करा, कंपनीने दिलेल्या मापाचे ठोकळे ठेवून उंची जुळवा आणि ती उंची डायग्नोस्टिक मशीनने ईसीयूला नव्याने शिकवा. सपाट फरशी नसेल तर हे काम त्या दिवशी करू नका. शेणामातीच्या अंगणात शिकवलेली तिरपी उंची गाडी पुढे रोज इमानाने पाळते.