बॅटरीवरील उजेड
(वरच्या इयत्तांच्या सामान्य विज्ञानासाठी पाठ-टिपण)

कल्याण जंक्शनवर उभ्या असलेल्या जुन्या बांधणीच्या लांब पल्ल्याच्या गाडीतील दिवे इंजिन सुटे केल्यावरही जळत राहतात, हे आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी पाहिले असेल. त्याचे कारण डब्याखाली टांगलेल्या पेटीत असते. गाडी धावत असता आसाच्या गतीवर चालणारे जनित्र बॅटऱ्या भारित करते. गाडी थांबली की त्याच बॅटऱ्या ११० व्होल्ट दाबाने दिव्यांस वीज पुरवितात. पाठाचा आरंभ या निरीक्षणापासून करावा.

ठाणे, डोंबिवलीकडे रिक्षा वा मोटार ठेवण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येकदा वीजजोडणी नसते. मग कोणी शेजारच्या तारेवर आकडा टाकतो. पावसाळ्यात २३० व्होल्टची उघडी तार पत्र्यास टेकली, की तो पत्राच प्राणघातक होतो. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून तशा झटक्याचे भय नाही. असल्या जागी तीच श्रेयस्कर.

आता हिशेब. बॅटरी ४० अँपिअर-तासांची असेल, तर त्यांपैकी निम्माच साठा आपला समजावा. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसतो व ती लवकर निकामी होते. उरले २० अँपिअर-तास. ६ वॉटचा, १२ व्होल्टवर चालणारा एलईडी दिवा अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. असे दोन दिवे रोज तीन तास लावले, तर सहा रात्री उजेड मिळतो. तंतूचा ४० वॉटचा एकच जुना दिवा हा साठा सहा तासांत संपवील! हुशार मुलगा विचारील, "गुरुजी, रिक्षाचीच बॅटरी का नको?" ती रात्री उतरली, तर सकाळी रिक्षा सुरू होणार नाही, हे त्याचे उत्तर.

झटका बसत नाही म्हणून बॅटरी निरुपद्रवी मात्र नव्हे. तिच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहून पाना लाल होतो. म्हणून फ्यूज दिव्यापाशी न बसविता बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवावा. उंदराने तार कुरतडली किंवा पत्र्याच्या कडेने ती कापली, तर तो वितळून पुढील तार जळू देत नाही. या दोन दिव्यांस ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि शेडमध्ये पेट्रोलची वाफही असू शकते. यास्तव बॅटरी भारित करावयाची ती बाहेर, मोकळ्या हवेत.

वर्गात आम्लाची बॅटरी आणू नये. दीड व्होल्टचे आठ कोरडे घट ओळीने जोडले की १२ व्होल्ट होतात. प्रयोगास तेवढे पुरते. प्रयोगानंतर मुलांस उदाहरण घालावे : वरील बॅटरीवर असेच तीन दिवे रोज चार तास लावल्यास किती रात्री पुरतील? उत्तर तीन रात्री येते; उरलेल्या दोन अँपिअर-तासांत चौथ्या रात्री उजेड किती वेळ राहील, हे त्यांनाच काढू द्यावे.