माणदेशाची धाव

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर त्याच्या दोन टोकांना जणू दोन निराळे देश नांदताना दिसतात. पश्चिमेस महाबळेश्वर, तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेस माण तालुका. सह्याद्रीने ढग वाटेतच अडवून घेतल्यामुळे तेथे जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही आपल्या लहरीप्रमाणे. महादेवाच्या डोंगरांत उगम पावणारी माण नदी ह्या मुलखातून सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडे जाते. तिच्या काठच्या प्रदेशाला माणदेश म्हणतात. तिला नदी म्हणायचे, एवढेच. वर्षातील पुष्कळ महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ह्या मुलखाचे उघडे माळ आणि तेथील माणसांची चिवट वृत्ती नव्याने सांगावी लागत नाही.

दुष्काळ पडला, की माणदेशी माणूस डोईवर बोचके घेऊन मुंबईची वाट धरी. कोणी गिरणीत साच्यावर उभा राही, कोणी बाजारात पाठीवर पोती वाही. मुंबईच्या माथाडी कामगारांत सातारा-सांगलीकडील माणसे आजही मोठ्या संख्येने आढळतात. त्या अफाट शहराच्या रस्त्यांवर ह्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाय झिजविले. पण त्यांच्यासाठी कधी कोणी रस्ता मोकळा करून दिला नव्हता.

२०१२ साली संक्रांतीच्या सुमारास तेही घडले. जानेवारीतील त्या रविवारी मुंबईच्या मुख्य रस्त्यांवरील वाहने थांबविण्यात आली होती, दोन्ही बाजूंना लोकांची दाटी झाली होती, आणि मधून धावत होत्या माण तालुक्यातील मोही ह्या गावच्या ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉन शर्यतीत भारतीय महिलांच्या गटाचे विजेतेपद त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा मिळविले.

ललितेचा जन्म २ जून १९८९ रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळेत असताना तिचा ओढा प्रथम खो-खोकडे होता. ज्या मुलीला पाठलाग करता येतो आणि हुलकावणीही देता येते, तिच्या पायांत वेग असणारच. परंतु हा वेग क्षणभराचा नसून दीर्घकाळ टिकणारा आहे, हे जाणकारांच्या ध्यानात आले आणि तिचे पाऊल लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळले. २००५ साली पुण्यास झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने वीस वर्षांखालील गटात सुवर्णपदक मिळविले. पुढे रेल्वेत नोकरी लाभली आणि सरावाला आधार मिळाला. दुष्काळी गावातील मुलीच्या बाबतीत हा आधार फार मोलाचा असतो. उत्तम बूट आणि सकस अन्न ह्या गोष्टी नुसत्या जिद्दीने मिळत नाहीत.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. ह्या अंतराची गोष्टही मोठी मौजेची आहे. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये ग्रीस देशातील मॅरेथॉन येथे अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला, तेव्हा विजयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच गतप्राण झाला, अशी कथा आहे. इतिहासकारांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. पण १८९६ साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हा ह्याच कथेवरून सुमारे चाळीस किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली. आजचे नेमके अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील आहे, आणि १९२१ साली ते कायमचे ठरविण्यात आले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये ही शर्यत आजच्याहून थोडी लांब, म्हणजे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. तीत बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणाऱ्या खेड्यांतील गड्यांना पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले होते. भारताचा चमू परदेशी पाठविण्यात त्यांचाच पुढाकार होता. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर माणदेशाची कन्या पुढे आली, ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल इतकेच, की त्याला नव्वदाहून अधिक वर्षे लागली.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. बोरीबंदरच्या भव्य रेल्वे स्थानकासमोरून धावपटू निघतात. मरीन ड्राइव्हवर डाव्या हाताला समुद्र, पहाटेचा गारवा, पाय हलके. अशा वेळी पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्याला वाटते, की आज आपण वाऱ्याशी स्पर्धा करू. येथेच त्याची फसगत होते. चूक होते पहिल्या दहा किलोमीटरांत. ती कळते मात्र तिसाव्या किलोमीटरनंतर. सोबत्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने नवख्याने आरंभ करावा, असे अनुभवी धावपटू सांगतात. परंतु आजूबाजूचे शेकडो लोक पुढे निघून जात असता स्वतःचे पाय आवरणे हे काम वाटते तितके सोपे नाही.

चौपाटी, पेडर रोड, हाजी अली, वरळी अशी वाट मागे टाकून धावपटू समुद्रावरील पुलाने वांद्र्यास जातात आणि माहीम, प्रभादेवीवरून परततात. एव्हाना सूर्य वर आलेला असतो. माणदेशातही ऊन आहे, किंबहुना ते अधिक कडक आहे. पण ते कोरडे. कोरड्या हवेत घाम चटकन सुकतो आणि सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच निथळत राहतो व शरीर आतून तापत जाते. म्हणून वाटेत पाणी घ्यावे लागते, आणि पाण्याबरोबर घामातून गेलेले मीठही भरून काढावे लागते. मीठ न घेता नुसतेच पाणी अतोनात प्यायल्यास रक्तातील क्षार विरळ होऊन जिवावर बेतू शकते.

याहून मोठी अडचण पुढे असते. आपले शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा करून ठेवते. जोराने धावणाऱ्याचा हा साठा तीस-बत्तीस किलोमीटरांच्या सुमारास सरत येतो. चरबी पुष्कळ शिल्लक असते, पण तिच्यातून शक्ती मिळण्यास वेळ लागतो. पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, मन चिडखोर होते, साधी बेरीजही जमत नाही. ह्या अवस्थेला धावपटू ‘भिंत’ म्हणतात. आणि मुंबईच्या शर्यतीची गंमत अशी, की नेमक्या ह्याच वेळी, पस्तीस किलोमीटर ओलांडल्यावर, पेडर रोडचा चढ पुन्हा समोर उभा राहतो. सकाळी जो सहज चढून गेलो, तो हाच का, असा प्रश्न पुष्कळांना पडत असावा. कित्येक जण तेथे चालू लागतात. दीर्घ सरावाने साखरेचा साठा वाढविता येतो आणि चरबी वापरण्याची सवयही शरीराला लावता येते. त्याला महिनोन् महिने लागतात, एका रात्रीत ते साधत नाही.

ललिता बाबर ह्यांनी ही शर्यत एकदाच जिंकली असती, तर तो दैवयोग म्हणता आला असता. पण २०१२ चा पावसाळा माणदेशाला कोरडाच गेला. गुरांसाठी चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, माणसांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. त्याच दुष्काळात, २०१३ च्या जानेवारीत, त्या मुंबईस पुन्हा धावल्या आणि पुन्हा जिंकल्या. २०१४ साली तिसऱ्यांदा. लोक त्यांना कौतुकाने ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणू लागले.

त्यानंतर त्यांनी वेगळाच निश्चय केला. मुंबईतील यश हाती असता त्या तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे वळल्या. ह्या शर्यतीत एकंदर पस्तीस उड्या घ्याव्या लागतात. त्यांपैकी सात पाण्याच्या खळग्यावरून. ज्या गावाने पाण्यासाठी आयुष्यभर वाट पाहिली, तेथील मुलीने पाणी ओलांडून जाण्यात नाव मिळवावे, हा योग विलक्षणच. २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत कांस्यपदक, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१६ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा ह्यांनी धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठल्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय महिला तेथे पोहोचली होती. अंतिम शर्यत १५ ऑगस्ट रोजी झाली. त्या दहाव्या आल्या.

ज्या वर्षी ललिता बाबर मुंबईत प्रथम जिंकल्या, त्याच वर्षी साताऱ्यात डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. तेव्हापासून पावसाळा सरत आला, की मुंबई-पुण्याकडील शेकडो मंडळी साताऱ्यास उतरतात आणि यवतेश्वरच्या घाटात धापा टाकीत चढू लागतात. भोवती हिरवे डोंगर असतात, पुष्कळदा धुके असते आणि अंगावर सरी येतात. त्याच दिवसांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माणचा शेतकरी परतीच्या पावसाची वाट पाहत असतो.