संगणकाची चूक आणि भरपाईचा हक्क

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील बँका व टपाल कार्यालये यांचे हिशेब आज संगणकावर ठेवले जातात. त्यामुळे कामास गती आली, हे खरे. परंतु यंत्राने दाखविलेली तूटच खोटी असेल आणि तिच्या आधारे एखाद्या निरपराध कर्मचाऱ्यास अपहाराबद्दल शिक्षा झाली, तर त्याने दाद कोठे मागावी?

ब्रिटनमधील धडा

ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत 1999 पासून ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली सुरू झाली. तिच्यातील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली. 2015 पर्यंत 900 हून अधिक शाखाचालक दोषी ठरले. कित्येकांना तुरुंगवास घडला. बहुतेक खटल्यांत फिर्याद करणारी आणि यंत्र ताब्यात असलेली संस्था एकच होती. अखेर 2024 मध्ये तेथील संसदेने कायदा करून या शिक्षा एकत्रितपणे रद्द केल्या. अशा प्रत्येकास 6 लक्ष पौंड एकरकमी स्वीकारण्याचा पर्याय शासनाने दिला.

आपल्याकडील स्थिती

2007 मध्ये पुणे पोलिसांनी बंगलोरच्या एका संगणक अभियंत्यास अटक केली. इंटरनेट कंपनीने पुरविलेली माहिती चुकीची होती. त्यास शिक्षा झाली नाही; तथापि 50 दिवस तुरुंगात काढावे लागले.

1 जुलै 2024 पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार संगणकीय पुराव्यासोबत यंत्राच्या प्रभारी व्यक्तीचे व तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते. हे संरक्षण मोलाचे आहे. मात्र नोंद जशीच्या तशी सादर झाली म्हणजे ती मुळात बरोबर होती, असे सिद्ध होत नाही. म्हणून बचाव पक्षाने मूळ नोंदींच्या तपासणीचा आग्रह धरणे अगत्याचे आहे.

भरपाईची वाट अधिक बिकट आहे. 1983 मध्ये रुदुल शाह प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा कैदेबद्दल भरपाई देवविली. तेव्हापासून रिट अर्जाचा मार्ग खुला झाला. परंतु तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात विशेष न्यायालये, भरपाई व पुनर्वसन यांची शिफारस केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत मात्र तिचा समावेश झाला नाही. निराधार अटकेबद्दल फिर्यादीकडून देवविण्याची भरपाई तीत आजही 1,000 रुपयांपर्यंतच मर्यादित आहे.

नागरिकांसाठी

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी. कोठडीतील व्यक्तीस, तसेच महिलांना, उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. या सोयी उपयुक्त असल्या, तरी भरपाई हा अर्जदाराचा कायदेशीर हक्क होणे आवश्यक आहे.