नाताळची गोष्ट क्रमानें सांगणें
(शिशुवर्गाच्या शिक्षकांकरितां धडा)

नाताळ जवळ आला म्हणजे खेडोपाडींच्या मंडळ्यांत लहान मुलांकडून वचनें पाठ करून घेण्याची घाई उडते. सणाच्या दिवशीं पांच वर्षांचें मूल उभें राहून वचन घडाघडा म्हणतें व आईबापांस धन्यता वाटते. परंतु त्याच मुलास, "मेंढपाळ कां आले?" असें विचारलें तर तें खालीं पाहतें. शब्द जिभेवर आहेत, पण गोष्ट मनांत नाहीं. हा दोष मुलाचा नव्हे, आम्हां शिकविणारांचा होय.

गोष्टीचा क्रम म्हणजे आधीं काय व मागून काय एवढेंच नव्हे; कशामुळें काय घडलें हेंही त्यांत येतें. नांवनिशी व्हावयाची होती म्हणून योसेफ व मरीया नासरेथाहून बेथलेहेमास गेलीं. उतारशाळेंत जागा नव्हती म्हणून बाळास गव्हाणींत ठेविलें. देवदूतानें वर्तमान सांगितलें म्हणून मेंढपाळ आले. हा 'म्हणून' ज्यास उमगला, तो पुढें वाचूं लागला म्हणजे वाचलेलें समजेल. ज्याच्या घरीं वाचणारें कोणी नाहीं, त्याला तर ही तयारी वर्गांतच मिळावयाची.

प्रथम शिक्षकानें स्वतः लूक २:१-२० व मत्तय २:१-१२ हे भाग वाचावे. पुष्कळ चित्रांत मेंढपाळ व मागी लोक एकाच रात्रीं गव्हाणीपाशीं दिसतात. परंतु मागी लोक घरांत गेले असें मत्तय सांगतो. ते तीन होते असेंही तो म्हणत नाहीं, दानें मात्र तीन सांगतो. म्हणून लहानांस आधीं लूकाची गोष्ट द्यावी व मागी लोकांची पुढील आठवड्याकरितां राखावी.

पहिला दिवस. करंजीपासून आरंभ करावा, कारण ती मुलांनीं घरीं पाहिलेली असते. पीठ मळणें, पारी लाटणें, सारण भरणें, कड कातणें, तळणें, हीं कामें मुलांनीं हातवारे करून दाखवावीं. मग शिक्षकानें मुद्दाम चुकावें: "आधीं करंजी तळली, मग सारण भरलें." मुलें हंसून चूक दाखवितील. 'आधीं', 'मग', 'शेवटीं' हे शब्द येथेंच त्यांच्या तोंडीं बसतात.

दुसरा दिवस. जमिनीवर खडूनें चार चौकोन आंखावे: प्रवास, गव्हाणी, रानांतील मेंढपाळ, मेंढपाळांची भेट. मुलानें एकेका चौकोनांत उडी मारावी व तेथें काय झालें तें सांगावें. नंतर चार साधीं चित्रें मिसळून द्यावीं व तीं दोरीवर क्रमानें लावावयास सांगावीं. एखादें चित्र लपवून, "मध्यें काय राहिलें?" असेंही विचारावें.

तिसरा दिवस. कागदाला दोन घड्या घालून चार घरें पाडावीं. प्रत्येक घरांत मुलानें आपल्या मनानें चित्र काढावें. रेघोट्या असल्या तरी चालतील. मग त्यानें एक वाक्य सांगावें व शिक्षकानें तें त्याच्याच शब्दांत खालीं लिहून त्यास वाचून दाखवावें. आपलें बोलणें कागदावर उतरतें हें पाहून मुलास मोठें नवल वाटतें. ज्यास अक्षर येतें त्यानें आपलें नांव किंवा 'बाळ' हा शब्द लिहावा. येत नसेल त्याचा हात धरून ओढूं नये.

या कामास पैसा लागत नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांकरितां काम आरंभिलें, तेव्हां पानें, फुलें, शिंपले अशा गांवांतल्याच वस्तूंचीं साधनें केलीं. आमच्यापाशीं खडू, दोरी व जुने कागद असले तरी पुरे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही ३ ते ८ वर्षांचें वय शिक्षणाचा पाया मानिलें आहे. तेव्हां हे केवळ खेळ आहेत असें समजून कोणी ते टाळूं नयेत.

या नाताळांत एखाद्या मुलास पाठ केलेल्या वचनाऐवजीं आपला चौघडी कागद घेऊन उभें राहूं द्या. तें अडखळेल, एखादा शब्द गाळील. पण मेंढपाळ कां आले हें तें सांगूं शकलें, तर आमचे तीन दिवस सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.