विंचवाच्या विषात असते तरी काय?

विंचवाचे विष म्हणजे एकच एक पदार्थ, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आपल्या कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाच्या थेंबात अनेक निरनिराळी प्रथिने एकत्र असतात. त्यांतले कोणते शरीरात काय करते हे कळायचे, तर आधी ती सुटी करावी लागतात. त्यासाठीची प्रयोगशाळेतील पद्धत म्हणजे क्रोमॅटोग्राफी, मराठीत वर्णलेखन.

तिचे तत्त्व घरीही पाहता येते. फळ्यावर लिहायचा पांढरा खडू घ्या. तळापासून बोटभर वर काळ्या स्केच पेनने गोल रेघ ओढा. बशीत थोडे पाणी घेऊन खडू उभा करा. रेघ मात्र पाण्याच्या वरच राहू द्या. पाणी खडूत चढू लागले की काळ्या शाईतून निळे, तांबडे असे पट्टे सुटे होतात. जो रंग पाण्याबरोबर सहज जातो तो वर पोचतो, खडूला धरून बसणारा मागे राहतो. (मुलांना हा खेळ फार आवडतो.) रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून अशीच वेगळी केली.

विषाला असे रंग नसतात. म्हणून नळीतून क्रमाक्रमाने बाहेर पडणारे घटक अतिनील किरणांनी ओळखतात. याच मार्गाने 1990 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतीय लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन वेगळे केले. अवघ्या 37 अमिनो आम्लांचे हे प्रथिन पेशींमधील पोटॅशियमची विशिष्ट दारे बंद करते. विषातील दुसरी काही प्रथिने सोडियमची दारे उघडी ठेवतात. मग नसा सारख्या चेतत राहतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते.

उपचार मात्र रुग्णाच्या खाटेशेजारी सापडला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले. 1986 साली ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. पुढे 2011 साली महाडच्याच 70 रुग्णांच्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले, तर रुग्ण लवकर सावरतो असे दिसले. प्रतिविष तयार करताना घोड्याला अख्खे विष टोचतात, त्यामुळे त्यात विषाच्या अनेक घटकांविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात.

दंशाच्या जागी वेदना कमी म्हणून धोका कमी, असे समजू नका. दरदरून घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची लक्षणे. जखम कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. रुग्णाला ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. औषध दिल्यावर डॉक्टर रुग्णाला आडवेच ठेवतात तेही यासाठीच, तेव्हा नातेवाइकांनी त्याला उठवून बसवण्याची घाई करू नये.